पेंबा बेटावर शिक्षक-प्रशिक्षक म्हणून दोन वर्षे: मुस्लिम समाजात काम करताना काय समजले

कोयनाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार. काही दिवसांपूर्वी येथे एका भगिनीने विचारले होते की, कडक धार्मिक वळणाच्या मुस्लिम प्रदेशात जाऊन तिथल्या शिक्षकांना प्रशिक्षण देण्याचे काम एखाद्या मराठी शिक्षिकेने स्वीकारावे का. दोन ओळींत उत्तर देणे मला योग्य वाटले नाही, म्हणून हा स्वतंत्र धागा काढत आहे.

मी सातारा जिल्ह्यात अनेक वर्षे अध्यापक विद्यालयात शिकवले आणि नंतर सेवांतर्गत प्रशिक्षणाचे काम केले. त्यानंतर एका आंतरराष्ट्रीय स्वयंसेवी संस्थेमार्फत झांझिबारमधील पेंबा बेटावर दोन वर्षे राहिले. झांझिबार हा टांझानियाचा भाग असला तरी त्याचे स्वतःचे सरकार आणि स्वतःचे शिक्षण मंत्रालय आहे. उंगुजा आणि पेंबा ही त्याची दोन मुख्य बेटे. २०२२ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे १९ लाख असून ती जवळजवळ सगळी मुस्लिम आहे. पर्यटक जातात ते बहुतेक उंगुजाला. पेंबा हे लवंगांचे बेट आहे; तेथे हॉटेले थोडी आणि मशिदी पुष्कळ, आणि धार्मिक आचार उंगुजापेक्षा अधिक काटेकोरपणे पाळला जातो. माझे काम वेते गावाजवळच्या एका शिक्षक केंद्रात होते. आपल्याकडे केंद्रप्रमुख ज्याप्रमाणे आसपासच्या शाळांना भेटी देतात आणि शिक्षण परिषद घेतात, त्याच स्वरूपाची ही व्यवस्था आहे, फक्त तेथे त्यासाठी वेगळी इमारत, छोटे ग्रंथालय आणि साहित्य बनवण्याची खोली असते.

जाण्यापूर्वी ओळखीच्यांनी मला ज्या अडचणींची भीती घातली, त्या सगळ्या धर्माशी निगडित होत्या. प्रत्यक्षात ज्यांनी माझी दोन वर्षे व्यापली त्या अडचणी अगदी निराळ्या होत्या, आणि हेच मला मुख्यतः सांगायचे आहे.

सर्वांत मोठी अडचण भाषेची होती. झांझिबारमध्ये प्राथमिक शाळेत सुरुवातीला स्वाहिली माध्यम असते. २००६ च्या शिक्षण धोरणाने गणित आणि विज्ञान हे विषय पाचवीपासून इंग्रजीत शिकवण्याचे ठरवले, आणि माध्यमिक शाळेत तर बहुतेक सर्व विषय इंग्रजीत जातात. आपल्याकडच्या सेमी-इंग्रजी वर्गांचे दुखणे ज्यांनी पाहिले आहे त्यांना पुढचे चित्र सांगण्याची गरज नाही. अपूर्णांक स्वाहिलीत अतिशय सुंदर समजावून देणाऱ्या शिक्षिका मी पाहिल्या. त्याच शिक्षिका पाचवीच्या वर्गात इंग्रजीत एक वाक्य फळ्यावर लिहीत, मुलांकडून ते तीनदा म्हणवून घेत, समजले का असे विचारत, आणि सत्तर-ऐंशी मुले एका सुरात होकार देत. ज्ञान बाईंकडे होते, मुलांकडे जिज्ञासाही होती. मध्ये एक भाषा उभी होती जी दोघांपैकी कोणाचीच नव्हती. आम्ही केंद्रात बसून फळ्याचे दोन भाग करण्याची पद्धत बसवली. एका बाजूला स्वाहिली, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. अंशाला तेथे कियासी म्हणतात आणि छेदाला असिली. आधी संकल्पना स्वाहिलीत पक्की करायची, मग शब्द पलीकडे न्यायचा. यात नवीन काहीच नाही, पण इंग्रजीच्या तासाला स्वाहिली बोलणे म्हणजे आपली कमतरता उघड करणे अशी भीती शिक्षकांच्या मनात इतकी घट्ट होती की ती काढण्यातच पहिले वर्ष गेले.

दुसरी अडचण जागेची होती. वर्गखोल्या अपुऱ्या असल्याने अनेक शाळा दोन पाळ्यांत भरतात. सकाळच्या पाळीत शाळेत जाणारी मुले दुपारी कुराण शिकण्यासाठी चुओमध्ये जातात आणि दुपारच्या पाळीतली मुले सकाळी. सहा-सात वर्षांचे मूल रोज दोन शाळा करते. चुओ ही संस्था मी सुरुवातीला ओझे समजत होते. नंतर लक्षात आले की ज्या मुलांना पाठांतराची, ऐकण्याची आणि अक्षरांना आदराने हाताळण्याची सवय तेथे लागते, तीच मुले आमच्या वाचनाच्या उपक्रमांत लवकर पुढे येतात. पाठांतर आणि आकलन यांतला फरक शिक्षकांना समजावून देताना मी चुओचेच उदाहरण घेत असे: आयत, म्हणजे कुराणातले वचन, आधी तोंडपाठ होते आणि तिचा अर्थ उस्ताद पुढे वर्षानुवर्षे उलगडत राहतात; मग गणितात आपण पाठांतरावरच का थांबतो? हा प्रश्न त्यांच्या जगातला असल्याने त्याने कोणी दुखावले नाही आणि चर्चा खूप वेळ चालली.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगते, कारण तिने मला सर्वांत जास्त शिकवले. पहिल्याच सत्रात एका शाळेत पाठ निरीक्षण करताना शिक्षकांनी उदाहरण चुकीचे सोडवले. मी मागच्या बाकावरून उठून फळ्यापाशी गेले आणि मुलांसमोर दुरुस्त करून दिले. आवाज सौम्य होता, हेतूही चांगला होता. त्यानंतर दोन महिने त्या शिक्षकांनी मला आपल्या वर्गात येऊ दिले नाही. दर वेळी काही ना काही कारण निघे. माझ्या केंद्रातील ज्येष्ठ सहकारी शिक्षिकेने अखेर मला बसवून सांगितले की मी त्यांची हेशिमा घालवली. हेशिमा म्हणजे मान, इभ्रत. तिच्या जोडीला दोन शब्द येतात, अदाबू म्हणजे आपले अदब, आणि ऐबू म्हणजे लाज, आपल्या ऐब या शब्दाचे भावंड. हे तिन्ही शब्द त्या समाजात रोजच्या व्यवहाराचे आहेत. पुढे मी निरीक्षणाची पद्धत बदलली. पाठ संपल्यावर मुख्याध्यापकांच्या खोलीत नव्हे, तर झाडाखाली बसायचे, आधी घरच्यांची विचारपूस करायची, मग शिक्षकांनाच विचारायचे की पाठ कसा झाला. दहांपैकी आठ वेळा चूक ते स्वतःच सांगत. त्या शिक्षकांकडे मी जाऊन क्षमा मागितली. दुसऱ्या वर्षी त्यांच्याच वर्गात आम्ही इतर शाळांसाठी नमुना पाठ घेतला.

धर्माशी संबंधित जे काही पाळावे लागले ते खरोखर फारसे कठीण नव्हते. पूर्ण बाह्यांची सलवार-कमीज आणि डोक्यावरून ओढणी एवढा माझा पोशाख असे. शिक्षक आणि शिक्षिका दोन बाजूंना बसत. पुरुष सहकाऱ्याने हात पुढे केला तरच हस्तांदोलन, एरवी छातीवर हात ठेवून नमस्कार. दुपारच्या नमाजाची सुट्टी धरूनच वेळापत्रक बनवायचे आणि शुक्रवारी सकाळचेच सत्र ठेवायचे. गटकार्यात स्त्री-पुरुषांच्या जोड्या लावायच्या नाहीत. यामुळे शिक्षिका मोकळेपणाने बोलू लागल्या हे मी मुद्दाम नोंदवते; मिश्र गटांत त्यांतल्या कित्येकींचा आवाज मी ऐकलाच नसता.

आपले अनुभव आणि शंका अवश्य मांडाव्यात.

पाटीपेन्सिल

ताई, अतिशय उपयुक्त लेखन. मी सोलापूर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे आणि अशाच एका संधीचा विचार करत आहे. माझे तीन साधे प्रश्न आहेत. मी शाकाहारी आहे, तर जेवणाचे काय? रमझानमध्ये काम थांबते का? आणि आपण हिंदू आहोत हे सांगितल्यावर लोकांची वागणूक बदलली का?

कोयनाकाठ

जेवणाची मुळीच चिंता करू नका. नारळाच्या दुधात शिजवलेला भात, घेवड्यासारख्या दाण्यांची उसळ, कसावा, केळी आणि म्चिचा नावाची पालेभाजी सर्वत्र मिळते. म्चिचा म्हणजे आपला माठच. चपातीला तेथेही चपातीच म्हणतात. मासे न खाणाऱ्या माणसाचे त्यांना नवल वाटते एवढेच.

रमझानमध्ये काम थांबत नाही, पण त्याची चाल बदलते. दिवसा उघड्यावर कोणी खात-पीत नाही, खानावळी बंद असतात, आणि आपणही पाण्याची बाटली पिशवीतून बाहेर काढू नये. मी त्या महिन्यात कार्यशाळा ठेवत नसे; सकाळी दोन तास शाळाभेटी आणि उरलेला वेळ साहित्यनिर्मितीसाठी देत असे. संध्याकाळी शेजारणी इफ्तारला बोलावत. ही आमंत्रणे नाकारू नका, कारण शिक्षिकांच्या घरच्या अडचणी मला समजल्या त्या चटईवर बसून जेवताना, केंद्रातल्या बैठकींत नव्हे.

वेळेबाबत एक महत्त्वाची गोष्ट. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. आपला सकाळचा सातचा ठोका म्हणजे त्यांचा पहिला तास, आणि दुपारचे बारा म्हणजे सहावा. आपल्याकडे घटिका सूर्योदयापासून मोजत, तोच हा विचार आहे. कार्यशाळेची वेळ ठरवताना ती दोन्ही पद्धतींनी लिहून द्यावी.

धर्माविषयी मला पहिल्या आठवड्यातच विचारले गेले आणि मी सरळ उत्तर दिले. काही जणींनी मी मुस्लिम व्हावे अशी इच्छा प्रेमाने बोलून दाखवली. मी आभार मानून विषय बदलला आणि कोणी त्याचा राग धरला नाही. देव न मानणाऱ्या माणसाविषयी त्यांना अवघड वाटते. दुसऱ्या श्रद्धेच्या माणसाविषयी तेवढे वाटत नाही. शिवाय म्हिंदी, म्हणजे हिंदुस्थानी माणूस, तेथे अपरिचित नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काही दशकांत झांझिबारमध्ये रुपया चालत असे, आणि ब्रिटिश काळात गोव्याची कितीतरी माणसे तेथे कारकुनी आणि इतर व्यवसाय करत. सुलतानाची सत्ता उलथवणाऱ्या १९६४ च्या क्रांतीनंतर बरेच हिंदुस्थानी निघून गेले. २०२३ मध्ये मद्रास आयआयटीचा परिसर झांझिबारमध्ये सुरू झाल्यापासून हा संबंध पुन्हा ताजा झाला आहे.

अबोली

मी दापोली तालुक्यातली कोकणी मुस्लिम शिक्षिका आहे. आपला लेख मनापासून आवडला. तरीही "कडक धार्मिक वळणाचा प्रदेश" या शब्दांपाशी मी थोडी अडखळले. आमच्या गावातही मुली ओढणी घेतात, मुले मदरशात जातात आणि रमझानमध्ये शाळेची लगबग मंदावते. म्हणून कोणी आमच्या गावाला वेगळे जग समजले तर वाईट वाटते. बाहेरून येणारा माणूस पोशाखाकडे पाहून मुलींच्या शिक्षणाविषयी निष्कर्ष काढतो, तसे आपल्या बाबतीत झाले का?

कोयनाकाठ

झाले, आणि ते मान्य करायला हवे. डोक्यावर पांढरा रुमाल बांधलेल्या मुलींनी भरलेला वर्ग पहिल्यांदा पाहिला तेव्हा या मुली प्रश्न विचारणार नाहीत असे मी गृहीत धरले होते. एका महिन्यात ते गृहीतक गळून पडले. एक वस्तुस्थिती सांगते. शाळेत असताना गरोदर राहिलेल्या मुलीला बाळंतपणानंतर पुन्हा शाळेत येण्याची मुभा टांझानियाच्या मुख्य भूमीवर २०२१ मध्ये मिळाली; झांझिबारमध्ये ती त्याच्या कित्येक वर्षे आधीपासून होती. ज्या समाजाला आपण बंदिस्त म्हणतो त्याने हा निर्णय आधी घेतला. २३ सप्टेंबर १९६४ रोजी, क्रांतीला वर्षही झाले नव्हते तेव्हा, झांझिबारमध्ये शिक्षण सर्वांसाठी मोफत करण्यात आले, आणि त्या दिवसाचा अभिमान वयस्क शिक्षकांच्या बोलण्यात आजही जाणवतो.

तेथील ज्येष्ठांना मुले शिकामो म्हणून अभिवादन करतात. त्या शब्दाच्या मुळाशी पाय धरण्याची कल्पना आहे, म्हणजे आपले "पाया पडतो"च. उत्तरादाखल ज्येष्ठ मराहबा म्हणतात. हिशेबाला हेसाबू, लेखणीला कलामू, तारखेला तारेहे, साबणाला साबुनी. अरबी-फारसीचे जे शब्द मराठीने आपले करून घेतले, त्यांतले कितीतरी समुद्रापलीकडे भेटतात. माझी स्वाहिली याच शब्दांच्या आधाराने सुरू झाली. आपल्यासारख्या कोकणातल्या शिक्षिकेला तर ती माझ्यापेक्षा लवकर येईल.

दर्यावर्दी

मी ओमानच्या अंतर्भागात, निझवाच्या परिसरात, काही वर्षे शिक्षकांसाठी इंग्रजीचे प्रशिक्षक म्हणून काम केले. तुलना करण्यासाठी लिहितो. १९७० मध्ये ओमानमध्ये केवळ तीन शाळा होत्या. आज देशभर शाळा आहेत आणि शिक्षकांच्या व्यावसायिक प्रशिक्षणासाठी २०१४ पासून स्वतंत्र संस्था आहे. तेथे पैसा आणि इमारती यांची कमतरता नव्हती. पहिली ते चौथीच्या शाळांत मुले-मुली एकत्र असतात आणि शिकवणाऱ्या सर्व स्त्रिया असतात. पाचवीपासून मुलांच्या आणि मुलींच्या शाळा वेगळ्या. त्यामुळे पुरुष प्रशिक्षकाला मुलींच्या शाळेत पाठ पाहता येत नसे आणि ते काम माझ्या सहकारी बाई करत. या बाबतीत स्त्री प्रशिक्षकाला तेथे अधिक दारे उघडी असतात, असे माझे मत झाले.

मात्र आपली भाषेची अडचण मला ओळखीची वाटली नाही, कारण ओमानमध्ये सरकारी शाळांत गणित आणि विज्ञान अरबीत शिकवतात. माझी अडचण निराळी होती. प्रशिक्षण म्हणजे प्रमाणपत्र, अशी समजूत पक्की होती. शिक्षक वेळेवर येत, नम्रपणे ऐकत, आणि वर्गात परत जाऊन पाठ्यपुस्तकाचे पान उघडत.

कोयनाकाठ

आपला मुद्दा महत्त्वाचा आहे. "मुस्लिम प्रदेश" अशी एकच पेटी करून चालत नाही हे आपल्या अनुभवातून स्पष्ट होते. निझवा आणि वेते यांच्यात जुने नाते आहे, कारण ओमानचे सुलतान एकोणिसाव्या शतकात झांझिबारहून राज्य करत. तरीही शिक्षकाची रोजची अडचण दोन्ही ठिकाणी पूर्ण वेगळी आहे. आणि अफगाणिस्तानचे नाव या चर्चेत आले तर तेथे प्रश्नच बदलतो. २०२१ नंतर तेथे मुलींच्या माध्यमिक शाळा आणि डिसेंबर २०२२ पासून स्त्रियांसाठी विद्यापीठे बंद आहेत. तो सत्तेचा हुकूम आहे, आणि पेंबातल्या धार्मिक शिक्षकांनाही तो पटत नव्हता हे मी त्यांच्या तोंडून ऐकले आहे.

जुना गुरुजी

मी निवृत्त मुख्याध्यापक आहे. दोन गोष्टी मोकळेपणाने विचारतो, आपण राग मानणार नाही अशी आशा आहे. आपल्याच जिल्ह्यात एवढे काम पडले असताना परक्या देशात जाऊन शिकवण्याचा आपला अधिकार काय? आणि छडीचे काय केले?

कोयनाकाठ

गुरुजी, राग मुळीच नाही. पहिला प्रश्न मी स्वतःलाही विचारत असे. अधिकार असा काही नव्हता; तेथील मंत्रालयाने प्रशिक्षकांची मागणी केली होती आणि माझे काम तेथील सहकाऱ्यांच्या बरोबरीने होते. मी येताना त्यांच्याकडून जे घेऊन आले ते थोडे नाही. मदरशाला जोडून बालवाडी चालवण्याचा पूर्व आफ्रिकेतला प्रयोग मी तेथेच पाहिला. तेथील मुस्लिम समाजातील नेत्यांनीच इस्माइली मुस्लिमांचे धर्मगुरू आगा खान यांच्याकडे मागणी केल्यावरून १९८० च्या दशकात मोंबासात तो सुरू झाला आणि १९९० मध्ये झांझिबारला आला. वस्तीतल्याच तरुणींना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून मदरशाच्या आवारात खेळ, गोष्टी आणि अक्षरओळख घडवायची, आणि गावाने त्या बालवाडीची जबाबदारी घ्यायची, असे त्याचे रूप आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला बालवाड्या चालवून जे केले ते ज्यांना माहीत आहे त्यांना यातली आपुलकी लगेच ओळखू येईल. धर्मसंस्थेला बाजूला सारून बालशिक्षण नेण्याऐवजी तिच्याच ओसरीवर ते बसवले, म्हणून गावाने ते स्वीकारले.

छडीविषयी उत्तर तितके समाधानकारक नाही. तेथे फिंबो म्हणतात आणि ती बहुतेक वर्गांत असते. पालकही तिचा आग्रह धरतात. पहिल्या कार्यशाळेत मी बालहक्कांविषयी बोलले आणि सर्वांनी मान डोलावली. शाळांत काहीच बदलले नाही. नंतर एका वयस्क शिक्षकांनी, जे शुक्रवारी मशिदीत प्रवचनही करत, पैगंबर लहान मुलांशी कसे वागत याच्या कथा सांगून हाच विषय घेतला. खोलीत शांतता पसरली. त्या दिवसानंतर तीन शिक्षिकांनी मला सांगितले की त्यांनी छडी घरी ठेवली आहे. तीनच, पण त्यांनी ती खरोखर ठेवली होती. मी वर्षभर त्यांच्या वर्गांत जात होते. जे त्यांच्याच परंपरेतला अधिकारी माणूस सांगू शकला ते मी सांगू शकले नसते, आणि अशा माणसांना शोधून त्यांच्या हाती व्यासपीठ देणे हे मी पुढे माझे काम मानले.

पाटीपेन्सिल

ताई, शेवटचा प्रश्न. आपण परत आल्यानंतर त्यातले काय टिकले?

कोयनाकाठ

फळ्याचे दोन भाग करण्याची पद्धत टिकली, कारण तिला काही खर्च नव्हता. कांगावरून वाचन घेण्याचा उपक्रमही टिकला. कांगा हे तेथील बायकांचे रंगीत वस्त्र असते आणि त्याच्या काठाजवळ एक म्हण छापलेली असते. ज्या घरात एकही पुस्तक नाही त्या घरातही चार-सहा म्हणी अशा रीतीने वाचायला असतात. दुसरीतल्या मुलांनी आपल्या आईच्या कांगावरची ओळ वहीत उतरवून आणायची आणि वर्गात वाचायची. "हराका हराका हाइना बराका" ही त्यांतली सर्वांत जास्त वेळा आलेली ओळ. घाईघाईत बरकत नसते, असा तिचा अर्थ. आया शाळेच्या दारापर्यंत येऊन ऐकत उभ्या राहू लागल्या.

जे टिकले नाही ते म्हणजे गणित साहित्याचे खोके. संस्थेच्या पैशातून आम्ही चौदा शाळांना ठोकळे, मणी, घड्याळे असे साहित्य भरून खोके दिले होते. शेवटच्या फेरीत पाहिले तर बहुतेक ठिकाणी ते मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलूपबंद होते. मी आधी नाराज झाले. एका मुख्याध्यापकांनी शांतपणे विचारले की यातले दहा मणी हरवले तर नवे कोण देणार, आणि हिशेब कोणाला द्यायचा. त्यांचे बरोबर होते. परत न मिळणारी वस्तू माणूस जपूनच ठेवणार. त्यानंतर माझ्या केंद्रातील त्याच ज्येष्ठ सहकारी शिक्षिकेने सुचवले की साहित्य मुलांनीच किनाऱ्यावरच्या शिंपल्यांपासून, नारळाच्या करवंट्यांपासून आणि लवंगांच्या वाळलेल्या देठांपासून बनवावे. अनुताईंच्या बालवाडीतही असेच बियांनी आणि शिंपल्यांनी मोजत, हे मी तिला सांगितले तेव्हा तिने त्यांचे नाव वहीत लिहून घेतले. मी निघाले त्या आठवड्यात दोन शाळांच्या पहिलीच्या वर्गांत करवंट्या खिडकीत उघड्या ठेवलेल्या होत्या.